पिशवीवरचा तराजू

मिलिग्रॅम हे काही माणसाचं नाव नव्हे, पण कंपनीत त्याला सगळे तेच म्हणत, आणि साहेबांनी एकदा घाईत त्याच्या रजेच्या अर्जावरही तेच लिहून खाली सही ठोकली होती. नाव पडायला कारणही तसंच होतं. अठ्ठावीस वर्षं हा गृहस्थ वजनकाटे तपासत हिंडत होता. दवाखान्यातले, टपाल कचेरीतले, गोदामांतले, औषधांच्या दुकानांतले. कुणी म्हणालं, "काटा बरोबर आहे हो, दोन-चार ग्रॅमनं काय होतंय," की याच्या कपाळाला आठ्या पडत. दोन की चार, ते आधी ठरवा, म्हणायचा. घरीही तेच. बायको "पाच मिनिटांत येते" म्हणाली की हा घड्याळ बघायचा आणि सहाव्या मिनिटाला दारात जाऊन उभा राहायचा. असल्या माणसाबरोबर संसार करणं म्हणजे खायचं काम नाही, पण तिनं तो तेहेतीस वर्षं केला होता आणि हसतखेळत केला होता.

त्याच्याजवळ एक लाकडी पेटी असे. आत निळी मखमल, मखमलीत खाचा, खाचांत ओळीनं बसलेली पोलादी वजनं. वजनाला उघडा हात लावायचा नाही, हाताचा घाम लागला तरी माप बिघडतं. म्हणून शर्टाच्या खिशात कायम पांढरे सुती हातमोजे. आधी रिकाम्या काट्याचं शून्य बघायचं, मग वजन ठेवायचं, आणि हे सगळं तीनदा. शिवाय एक नियम तो नव्या माणसांना इतक्यांदा ऐकवायचा की ती त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करत. खाच बघून वजन ओळखू नये, वजनावरचा शिक्का बघावा. खाच ही नुसती बसायची जागा. तिथे कोण बसलंय ते जागा सांगत नाही.

हा नियम तो स्वतः एकाच आठवड्यात विसरला, आणि तोही पहिल्यांदा पेटीच्या बाहेर.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी कंपनीनं फर्मान काढलं. प्रमाणपत्र यापुढे हातानं लिहायचं नाही, जागेवरच कॉम्प्युटरवर भरायचं आणि छापून द्यायचं. कॉम्प्युटर कुणाचा, तर जिथे जाल तिथला. आता दवाखाना असो की गोदाम, आपल्या मशिनमध्ये परक्या माणसाला प्रोग्रॅम इन्स्टॉल कोण करू देईल? पहिले दोन महिने मिलिग्रॅम दारोदार नकार ऐकत फिरला. शेवटी लेक मदतीला आली. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, निम्मं सामान खोक्यात गेलं होतं, आणि त्या खोक्यांच्या मधोमध बसून तिनं बापाच्या हातावर एक पेन ड्राइव्ह ठेवला. काळा, अंगठ्याएवढा.

"बाबा, यात सगळं आहे. लिहायचा प्रोग्रॅम, तुमच्या प्रमाणपत्राचा नमुना, कॅलेंडर, इंटरनेटचं. कुठल्याही मशिनला लावा, मेनू उघडेल, काम करा, काढून घ्या. इन्स्टॉल काही करायचं नाही."

"म्हणजे प्रोग्रॅम त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये जातो."

"नाही. यातच राहतो."

"मग चालतो कुठे?"

"चालतो त्यांच्या मशिनवर. राहतो तुमच्याकडे."

"आणि मी निघून आलो की तिथे काय उरतं?"

"काही नाही."

"काहीच नाही असं कसं? ओट्यावर ओलं भांडं ठेवलं तरी गोल उरतो."

लेकीनं कपाळाला हात लावला. "बाबा, भाड्याच्या खोलीत आपलं अंथरूण घेऊन जायचं, झोपायचं आणि सकाळी गुंडाळून परत आणायचं. खोली त्यांची, अंथरूण आपलं. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. अर्धंच कळलं होतं. दवाखान्यात मशीन त्या ड्राइव्हला 'ई' म्हणे, टपाल कचेरीत 'जी' म्हणे. एकाच वस्तूला जागोजागी वेगळं नाव, हे त्याच्या पचनी पडेना. त्यानं डायरीत नोंद ठेवली: दवाखाना, ई. टपाल, जी. गोदाम, कधी ई कधी एफ, विचारणे. कुणाला विचारायचं ते लिहिलं नव्हतं. पण काम चालू झालं, आणि सवयीनं माणूस कशावरही विश्वास ठेवायला लागतो.

लेकीनं आईलाही तसाच एक ड्राइव्ह दिला. एकाच पाकिटातली जोडी होती ती, तोच रंग, तेच सगळे प्रोग्रॅम. "घरचं मशीन म्हातारं झालंय," ती म्हणाली, "कधी डोळे मिटेल सांगता येत नाही. त्यात काही ठेवू नका. ज्यानं त्यानं आपापलं आपल्या ड्राइव्हवर ठेवायचं." आणि ती गेली.

बायको निवृत्त झाली होती. नोकरीत असताना ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, आणि तिच्या स्मरणशक्तीची ख्याती अशी, की लोक डिरेक्टरी न उघडता तिलाच विचारत. कापडवाला म्हटलं की नंबर, पोलीस चौकी म्हटलं की नंबर, शाळेतल्या शिपायाचं घर म्हटलं तरी नंबर. आता ती दुपारी शिवण घेऊन बसे. घरात जी म्हणून वस्तू असेल तिला पिशवी शिवायची, हा तिचा छंद. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, चष्म्याला पिशवी, पिशव्या ठेवायच्या पिशवीला पिशवी. पेन ड्राइव्ह आल्याबरोबर तिनं दोन इवल्या पिशव्या शिवल्या, गळ्यात अडकवायला दोरीसकट. त्याच्या पिशवीवर तराजू भरला, तिच्या पिशवीवर टेलिफोन. दाराजवळच्या खुंट्यांवर दोन्ही शेजारी शेजारी लटकत. दर रविवारी ती पिशव्या धुवायची, वाळल्या की ड्राइव्ह परत आत घालायची. शिवण आटोपली की तासभर घरच्या मशिनसमोर बसून काहीतरी टाइप करायची. लेकीला लिहीत असेल, असं त्याला वाटे. विचारायचं मात्र त्याला कधी सुचलं नाही.

गेल्या सहा महिन्यांत घरात वस्तू जरा इकडच्या तिकडे होऊ लागल्या होत्या. एका मंगळवारी चाव्या सापडेनात. तासाभरानं निघाल्या पिठाच्या डब्यातून. "तुम्हीच ठेवल्या असतील," बायको म्हणाली, "डोक्यात सदा काटे." असेल बुवा, असं म्हणून त्यानं ते मान्य केलं. एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरशी वाद कोण घालणार?

आणि मग तो सोमवार आला.

मुलांच्या दवाखान्यात बाळांचा काटा तपासायचा होता. काटा चोख निघाला. मिलिग्रॅमनं हातमोजे खिशात ठेवले, सिस्टरच्या टेबलाशी बसला, गळ्यातली पिशवी उघडली, ड्राइव्ह लावला. मेनू उघडला. लिहायचा प्रोग्रॅमही उघडला, पण अक्षरं ही एवढी मोठी. प्रमाणपत्राचा नमुना गायब. जुनी प्रमाणपत्रं गायब. त्यांच्या जागी तीन फायली: नावं, रोजचं, विचारायचं.

त्यानं ड्राइव्ह काढला, परत लावला. दुसऱ्या भोकात लावला. तेच.

"सिस्टर, तुमच्या मशिननं माझं काही खाल्लं का हो?"

"आमचं मशीन तुमचं कशाला खाईल?" सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या मागे तीन आया बाळं घेऊन उभ्या होत्या.

त्यानं 'नावं' उघडली. आत यादी होती. "खालच्या मजल्यावरच्या. पांढरे केस, जिना चढताना दम लागतो. ताई म्हणायचं. यजमान गेले, त्यांची चौकशी करायची नाही." त्याखाली, "समोरचे डॉक्टर. माणसांचे नव्हेत, जनावरांचे. आपल्या गुडघ्याचं सांगायचं नाही." त्याखाली, "लेक. फोन रविवारी सकाळी. नव्या घराबद्दल विचारायचं. मागच्या वेळी विचारायचं राहिलं." यादी लांब होती. खालच्या मजल्यावरच्या ताई त्याच्याच खालच्या मजल्यावर राहत होत्या, आणि जनावरांचे डॉक्टर त्याच्याच दारासमोर. 'रोजचं'मध्ये तारखा होत्या. "मंगळवार. चाव्या पिठाच्या डब्यात. मीच ठेवल्या असणार." आणि, "शुक्रवार. बाजारातून येताना कोपऱ्यावर थांबावं लागलं. डावीकडे की उजवीकडे ते कळेना. पाच मिनिटं. कुणाला सांगायचं नाही."

मिलिग्रॅमच्या पायाखालची जमीन सरकली. घर त्याचं, शेजारी त्याचे, चाव्या त्याच्या. पिशवीवर तराजू, पिशवी गळ्यात, म्हणजे ड्राइव्हही त्याचाच. मग हे लिहिलं कुणी? त्यानंच. आणि लिहिल्याचं त्याला काडीचं आठवत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, घरात दुसरा ड्राइव्ह आहे हे त्याला कसं सुचलं नाही? नाही सुचलं. बाकी कुणी विसरेल, पण त्याची बायको विसरेल, हे त्याच्या डोक्यात शिरायला वाटच नव्हती. शिवाय सहा महिने तीच सांगत होती की विसरतात ते तो. त्यानं सिस्टरना हातानं लिहून दिलं, छापील आठवडाभरात आणून देतो म्हणाला, आणि निघाला. ड्राइव्ह काढताना रोजच्यासारखं 'काढायला हरकत नाही' असं मशिननं सांगेपर्यंत तो थांबला होता. हे तरी आठवलं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यामुळे त्याला आणखीच धसका बसला.

संध्याकाळी घरच्या मशिनला लावून बघितलं. तीच मोठी अक्षरं, तीच यादी. बायको पलीकडे शिवण घेऊन बसली होती.

"काय झालं? चेहरा का असा?"

"काही नाही. तुझं काय?"

"माझं कुठे काय," ती म्हणाली, आणि घातलेली शिवण उसवायला लागली. तीच शिवण तिनं त्या संध्याकाळी तीनदा घातली आणि तीनदा उसवली. जगातल्या सगळ्या काट्यांवर ज्याची नजर, त्याला हातभर अंतरावरचं हे दिसू नये, याला काय म्हणावं?

त्याच्या बॅगेत आणखी एक कागद होता. कंपनीचा वार्षिक तंदुरुस्तीचा फॉर्म, शुक्रवारपर्यंत डॉक्टरांच्या सहीसकट भरून द्यायचा. दृष्टी, हातांचा कंप, आणि अकरावा प्रश्न: गेल्या वर्षभरात विस्मरणाचा त्रास जाणवला का? हो किंवा नाही. 'हो' लिहिलं की वजनांची पेटी त्याच दिवशी कपाटात जमा. इतकी वर्षं त्यानं 'नाही'वर खूण केली होती आणि विचारही केला नव्हता. पण आता? खोट्या आकड्याखाली त्यानं जन्मात सही केली नव्हती. आणि पेटीशिवाय आपण कोण, हेही त्याला माहीत नव्हतं. तो पार गोंधळून गेला.

मंगळवारी त्यानं स्वतःचीच तपासणी सुरू केली. जिना चढताना पायऱ्या मोजल्या, बेचाळीस. उतरताना मोजल्या, एक्केचाळीस. तिसऱ्यांदा मोजायला वर गेला तर समोरचे डॉक्टर दार उघडून बघायला लागले. मग तो बाजाराच्या कोपऱ्यावर गेला आणि मुद्दाम थांबला. डावीकडे की उजवीकडे? कळत होतं, उजवीकडे. पण इतका वेळ उभा राहिल्यावर त्यालाच शंका यायला लागली की हे खरंच कळतंय की नुसतं वाटतंय. एका भल्या माणसानं येऊन विचारलं, "काका, कुठे जायचंय?" कुठेच जायचं नव्हतं, उभं राहून बघायचं होतं, हे सांगायचं कसं? तो माणूस हळहळत निघून गेला, आणि याला वाटलं, झालं, आता लोकांनाही दिसायला लागलं.

बुधवारी बस थांब्यावरून त्यानं लेकीला फोन लावला.

"एक सांग. तो प्रोग्रॅम स्वतःहून काही लिहितो का?"

"नाही हो बाबा."

"मी निघून आल्यावर तिथे काही उरत नाही म्हणालीस. पण तिथलं काही इकडे चिकटून येतं का?"

"नाही. तुम्ही जे लिहाल तेवढंच त्यात असतं. का?"

"सहज. नवं घर कसं आहे?"

"बाबा, तुम्ही कधीपासून असलं विचारायला लागलात?"

यादीत लिहिलंय म्हणून, असं तो सांगू शकला नाही. त्या यादीबद्दल एक गोष्ट मात्र त्याच्या मनाला आधार देत होती. तो रोज ती थोडी थोडी वाचत होता, आणि तिच्यात बायको कुठेच नव्हती. शेजारी होते, दूध आणणारा होता, लेक होती, बायको नव्हती. म्हणजे तिला ओळखायला अजून आपल्याला यादी लागत नाही, तेवढं तरी शाबूत आहे, असं तो स्वतःला समजावत होता.

गुरुवारी औषधांच्या दुकानातला बारीक काटा होता. वीस ग्रॅमचं वजन ठेवलं, आकडा नोंदीशी जुळेना. अगदी बारीक फरक, पण फरक. शून्य बघितलं, ठीक. परत ठेवलं, परत फरक. तिसऱ्यांदाही तोच.

"काटा बिघडलाय का?" दुकानदारानं विचारलं.

"तेच बघतोय. काटा चुकतोय, की वजन, की मी."

पेटीत वीस ग्रॅमची वजनं दोन असतात, दिसायला जुळी. ओळखू यावीत म्हणून एकाच्या माथ्यावर टिंब असतं, कारण दोघांचं नेमकं वजन केसभर वेगळं आणि म्हणून नोंदी वेगवेगळ्या. मिलिग्रॅमनं चिमट्यानं वजन उचलून डोळ्यांजवळ नेलं. टिंब होतं. टिंबवालं वजन बिनटिंबाच्या खाचेत बसलं होतं. काल संध्याकाळी पुसताना त्यानंच या मनःस्थितीत अदलाबदल केली होती, आणि आज खाच बघून उचललं होतं. एरवी असली चूक दुसऱ्या कुणी केली असती तर त्यानं तासभर प्रवचन दिलं असतं.

"खाच बघून वजन ओळखू नये," तो स्वतःशीच पुटपुटला.

"काय म्हणालात?"

चिमट्यात वजन तसंच धरून तो उभा राहिला. दोन जुळी वजनं. दोन खाचा. दोन काळे ड्राइव्ह, एकाच पाकिटातले. दोन पिशव्या, दर रविवारी धुतल्या जाणाऱ्या. तराजू पिशवीवर होता. ड्राइव्हवर काहीच नव्हतं.

काम संपवून तो जवळजवळ पळतच घरी आला. बायको खालच्या मजल्यावर ताईंकडे गेली होती. खुंटीवरची टेलिफोनवाली पिशवी त्यानं उचलली, आतला ड्राइव्ह काढून घरच्या मशिनला लावला. बारीक अक्षरं. प्रमाणपत्राचा नमुना. खाली ओळीनं चारशे बारा प्रमाणपत्रं, एकही न हललेलं. त्याला इतकं हलकं वाटलं की तो खुर्चीत मागे रेलून एकटाच हसला. आपण ठीक आहोत. अकरावा प्रश्न, नाही. बायकोला सांगितलं तर ती हसून हसून लोळेल, असं त्याच्या मनात आलं.

आणि तिथेच हसू थांबलं. कारण ती यादी कुणीतरी लिहिली होतीच. चाव्या कुणीतरी ठेवल्या होत्या, आणि बाजाराच्या कोपऱ्यावर पाच मिनिटं कुणीतरी खरंच उभं राहिलं होतं.

प्रमाणपत्रांच्या तळाशी एक नवी फाइल दिसत होती. तारीख सोमवारची. नाव होतं, 'नावं, परत'.

त्यानं ती उघडली. वर लिहिलं होतं, "सगळं पुसलं गेलं. मीच काहीतरी दाबलं असणार. आता हे काट्यांचं काय काय दिसतंय ते कळत नाही. आठवेल तेवढं परत लिहायचं." खाली तीनच नोंदी होत्या. दुसरी लेकीची, तिसरी ताईंची. पहिली अशी:

"हे. चष्मा. शर्टाच्या खिशात पांढरे हातमोजे. वजन अंदाजे सत्तर. वेळेचं वेड. रागावले तरी घाबरायचं नाही. हे आपले."

त्यानं ते वाचलं. मग परत वाचलं. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

दार वाजलं. बायको आत आली आणि त्याला मशिनसमोर बघून दारातच थबकली. "तुम्ही आज लवकर?" तिची नजर पडद्यावर गेली, मग टेबलावरच्या रिकाम्या पिशवीवर.

"माझ्या हातून घोळ झालाय," तो म्हणाला. "रविवारी तू पिशव्या वाळत घातल्यास, त्या मी भरल्या. ड्राइव्ह उलटे घातले. तुझा माझ्याकडे आला, माझा तुझ्याकडे. माझी चूक."

हे खोटं होतं. रविवारी सकाळी ती खिडकीशी उभी होती, कान आणि खांद्याच्या मध्ये लेकीचा फोन धरून पिशव्या भरत होती, आणि हा समोर बसून बघत होता. अठ्ठावीस वर्षांत त्यानं दिलेलं हे पहिलं खोटं प्रमाणपत्र, आणि ते देताना त्यानं एकदासुद्धा फेरतपासणी केली नाही.

"म्हणजे माझं पुसलं नाही?"

"सगळं आहे. जसंच्या तसं."

ती खुर्चीवर बसली. "चार दिवस मला वाटत होतं, मी पुसलं. मग वाटायला लागलं, की लिहिलंच नव्हतं. नुसतं लिहिल्यासारखं वाटत होतं."

"आणि मला वाटत होतं, मी लिहिलंय."

"तुम्ही?" तिला हसू आलं. "तुम्हाला दहा वर्षांपूर्वीच्या काट्याचा नंबर आठवतो." मग हसू ओसरलं. "वाचलंत?"

"वाचलं."

"सगळं?"

"तुझी यादी वाचली. 'रोजचं' शेवटपर्यंत नाही. हे वाचलं."

तिनं पिशवी हातात घेतली आणि टेलिफोनच्या कडेचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिली. "सांगणार होते. आधी नीट लिहून काढावं, मग सांगावं म्हटलं. चाव्यांचं तुमच्यावर ढकललं, ते मात्र..."

"ते राहू दे."

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली. सरळच म्हणाली. "आता काय करायचं?"

त्याला पुष्कळ बोलावंसं वाटत होतं, पण त्याला आयुष्यात एकच काम येत होतं. "आधी शून्य बघतात," तो म्हणाला. "अंदाजानं काही ठरवायचं नाही. उद्या मला त्या फॉर्मसाठी डॉक्टरांकडे जायचंच आहे. दोघं जाऊ. नीट माप घेऊ दे त्यांना, मग पुढचं बघू." मग त्यानं विचारलं, "तुझ्या जुन्या यादीत मी नाही. का?"

"तिथे कशाला लिहू? ती विसरायला होतं त्यांची यादी."

"मग यात पहिलाच मी कसा?"

"सगळं गेल्यावर सुरुवात कुठून करायची?" ती म्हणाली.

तो उठला, तिच्या आरशाखालच्या डब्यातून नेलपॉलिशची बाटली आणली आणि तिच्या ड्राइव्हच्या माथ्यावर एक लाल टिंब दिलं. ते वाळेपर्यंत फुंकर मारत बसला. मग पडद्याकडे बोट दाखवलं.

"हे चुकलंय."

"काय?"

"अंदाजे सत्तर. बहात्तर किलो चारशे."

तिनं चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली, आकडा पुसला आणि एका बोटानं नवा टाइप केला. "आणखी काय चुकलंय?"

"काही नाही," मिलिग्रॅम म्हणाला. "बाकीचं बरोबर आहे. तीनदा बघितलं."